मिठाबाईच्या पायाशी

१

मिठाबाईच्या खडकाच्या अलीकडे वहाणा काढायची एक सपाट शिळा आहे. त्या सकाळी तिच्यावर काळ्या पंपशूंचा एकच जोड होता. पुढे खडक, खडकापुढे कडा आणि कड्याखाली सगळं कोकण धुक्यात बुडालेलं. पंपशू घालणारा माणूस कुठेही नव्हता.

"काकांचेच," चिंतामणराव म्हणाले.

ही सदतीस सालच्या पौषातली गोष्ट. खंडाळ्याला एका मुंबईकर मालकाचा बंगला मी राखत होते. उन्हाळ्याचे दोन महिने आणि दिवाळीचे पंधरा दिवस सोडले, तर त्या आठ खोल्यांत मी एकटी. पौषात कोणी येत नाही. त्यामुळे ही तीन माणसं आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. सकाळी दुसऱ्या कुणाचा तरी खोकला ऐकू येतो, एवढंही पुष्कळ असतं.

खोकला दिगंबरकाकांचा होता. वय सत्तरीचं, तारखात्यातून निवृत्त. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पुतण्या चिंतामणराव मुंबईला एका वकिलाच्या कचेरीत कामाला. काका त्याच्याकडेच राहत. प्रमोदिनीबाई ही पुतण्याची बायको. काकांना एकदा मिठाबाई बघायची होती, म्हणून तिघे आठवड्यासाठी आले होते.

मिठाबाई बघायला लांबून माणसं येतात. स्टेशनाकडून पाहिलं तर कड्याच्या टोकाला गुडघे मुडपून एक बाई बसल्यासारखी दिसते. तिचा नवरा बैल घेऊन मीठ आणायला खाली कोकणात उतरला आणि परत आला नाही. त्याची वाट बघत ती तिथेच दगड झाली, असं सांगतात. जवळ गेलं की बाईबिई काही दिसत नाही, नुसता काळा खडक. मध्ये एक खळगा, ती तिची ओटी. येणारा माणूस ओटीत चिमूटभर मीठ टाकतो, हात जोडतो आणि परत फिरतो.

चिंतामणराव "काका, काका" अशा हाका मारत होते. मी अनवाणी पुढे जाऊन कड्यावरून खाली पाहिलं. काही दिसलं नाही. मागे वळताना खडकाच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, थोडं मीठ पडलेलं दिसलं. दवानं ओलं होऊन चकाकत होतं. कुणाच्या हातून सांडलं असेल असं वाटलं आणि मी ते सोडून दिलं.

पायवाटेच्या तोंडाशी कस्तुराबाईची झोपडी. ती तिथे पानात बांधून मिठाच्या पुड्या विकते. आम्ही उतरलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"म्हातारबाबाला शोधताय व्हय?" ती म्हणाली. "उजाडताना भिमाजी घेऊन गेला वर. उतरला तवा एकला व्हता."

२

भिमाजी आमच्या गावचा वाटाड्या. पाहुण्यांना मिठाबाईपर्यंत नेऊन आणणं हेच त्याचं काम. दुपारपर्यंत लोणावळ्याहून महिपती हवालदार आला. चिंतामणरावांनी त्याला सगळं सांगितलं आणि आम्ही भिमाजीच्या घरी गेलो.

शोधायला काही लागलंच नाही. दारातून आत गेलं की समोरच्या खुंटीवर काकांचं सोन्याचं घड्याळ साखळीसकट लटकत होतं. चालू होतं.

"हे कुटलं?" हवालदारानं विचारलं.

भिमाजी गप्प.

"म्हातारा कुटंय?"

भिमाजी गप्पच. त्याची बायको विठाबाई चुलीपाशी बसली होती. तिचे दिवस भरत आले होते.

"अवो, बोला की कायतरी," ती म्हणाली. "तोंड शिवलंय का कुनी?"

भिमाजीनं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खाली घातली.

"ढकललं यानं काकांना," चिंतामणराव म्हणाले. "एका घड्याळासाठी. मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी."

हवालदार भिमाजीचा दोस्त नव्हता, तसा वैरीही नव्हता. त्यानं त्याच्या कमरेला दोरी बांधली. "आजची रात हितल्या चौकीत बस. इचार कर. उद्याच्या चारच्या गाडीनं वडगावला कोरटात न्हेनार. तितं गेल्यावर माज्या हातात काय ऱ्हात न्हाई, भिमा."

विठाबाई उठायला गेली, पण तिला एकटीला उठता येईना. मी हात दिला. तो तिनं सोडलाच नाही.

"मावशी, ह्यो कोंबडी कापताना डोळं मिटतो. तुमी बगितलंय. सांगा की त्यास्नी."

मी काय सांगणार? खुंटीवर घड्याळ होतं. भिमाजी उंबऱ्यातून बाहेर पडला, तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. वाटाड्याच्या वहाणा जाड तळाच्या, नाल ठोकलेल्या असतात. त्याच्यावर त्याचं पोट असतं. देवळात जाणं सोडलं, तर तो त्या काढत नाही. भिमाजी अनवाणी होता. दोन्ही तळव्यांना खडे रुतल्याच्या ताज्या खुणा होत्या आणि त्यांतून रक्त आलं होतं.

३

बंगल्यावर आल्यावर मी काकांची खोली उघडली. चादर नीट घडी केलेली, चष्म्याचं घर रिकामं. पलंगाच्या पायथ्याशी मालकाचं काळं कांबळं असायचं, ते नव्हतं. स्वयंपाकघरात गेले. रात्री मी सहा भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. दोन उरल्या होत्या.

हे मी कुणाला लगेच सांगितलं नाही. बंगल्यातली वस्तू गेली की राखणदाराकडे बोट जातं.

प्रमोदिनीबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. नवऱ्यासमोर त्या कमी बोलत. मी चहा नेऊन दिला आणि खाली बसले.

"बाईसाहेब, एक इचारू? डोंगरावर जायाला काकासाहेबांनी पंपशू का घातलं? पहिल्या दिवशी जाड वहाणा व्हत्या की त्यांच्या पायात."

त्यांनी कप खाली ठेवला. "त्या आमच्या खोलीत आहेत, कपाटात. कुलपात."

"कुलपात?"

"काका दोनदा न सांगता निघून गेले होते. गणपतीत आणि दिवाळीत. दोन्ही वेळा ह्यांनी शोधून आणलं. एकदा तर पनवेलच्या धर्मशाळेतून. तेव्हापासून रात्री हे वहाणा आत ठेवतात. घरात घालायला तेवढे पंपशू बाहेर. हे वाईट नाहीत हो, झुंबरबाई. काकांना साधी शिंक आली तरी डॉक्टर आणतात. जिना उतरू देत नाहीत, खिडकीत उभं राहू देत नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "मी काकांच्या जागी असते, तर मीही गेले असते."

"कुटं जायाचं व्हतं त्यास्नी?"

"माझ्याशी ते कधी बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

तिथून मी कस्तुराबाईकडे गेले. तिला सगळ्यांचा संशय येतो.

"पुतन्याच मुळावर उठला आसंल," ती म्हणाली. "भिमाजीला पुढं केलं. मोठ्या लोकांचं आसंच आसतं."

"ते ऱ्हाऊ दे. सकाळी पुडी घेतली का म्हातारबाबानं?"

"घेतली की. दोन घेतल्या."

"एकल्यानं दोन?"

"एक सोता घेतली, एक भिमाजीच्या हातात दिली. मी म्हनलं, अवो, ह्यो रोज वर जातो, ह्याला कशाला पुडी? तर म्हातारा हासला निस्ता."

मी तिच्या दारातल्या दगडावर बसले.

"काय झालं गं?" कस्तुराबाई म्हणाली. "आशी का बसलीस?"

४

आमच्याकडे जिभेवर मिठाचा खडा ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मुदत घातलेली असेल, तर ती संपेपर्यंत माणूस तोंड उघडत नाही. जमिनीच्या भांडणात, सोयरिकीत, मी हे पाहिलेलं आहे. रोज वर जाणाऱ्या वाटाड्याला मीठ लागतं ते एवढ्यासाठीच.

मग पायथ्याशी सांडलेलं ते मीठ आठवलं.

मोटारी यायच्या आधी मिठाचे बैल मिठाबाईच्या बगलेतून खाली उतरत. बघायला येणारा माणूस ओटीत मीठ टाकी. पण खाली कोकणात उतरणारा ते तिच्या डाव्या पायाशी ठेवी. तिच्या नवऱ्यानं ते ठेवलं नव्हतं म्हणून तो परत आला नाही, असं आमची आजी सांगायची. बैल बंद झाले, वाट मोडली, आणि पायाशी मीठ ठेवणंही गेलं. आताच्या पोरांना ते माहीतही नाही. रात्रीच्या दवात मीठ विरघळून जातं, म्हणजे मी पाहिलेलं मीठ त्याच सकाळचं होतं.

ते ठेवणाऱ्याला ही रीत कशी ठाऊक? तीन दिवसांपूर्वी दिगंबरकाका स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मला विचारत होते, "झुंबरबाई, पायाशी अजून कोणी ठेवतं का हो मीठ?" मी भाकरी थापत होते. "आता कोन ठेवतंय," मी म्हणाले आणि भाकरी उलटली. मुंबईहून आलेल्या माणसाला हे विचारायचं सुचावंच कसं, हा विचार तेव्हा मला शिवलाही नाही.

मी तशीच चौकीवर गेले. कांबळं आणि भाकऱ्यांचंही सांगून टाकलं.

"हवालदार, म्हातारा जित्ता हाय. मरायला निघालेला मानूस चार भाकऱ्या आन् कांबळं घेऊन जात न्हाई. पंपशू घालून ती वाट उतरता येत न्हाई, म्हनून त्यानं भिमाजीच्या वहाना घेतल्या. त्याच्या बदल्यात घड्याळ दिलं. चोरलेलं घड्याळ कोन दारासमूर खुंटीला लावतंय?"

"मंग ह्यो बोलंना का?"

"त्याला मीठ घातलंय."

महिपती मावळातलाच. त्यानं गजाआडच्या भिमाजीकडे पाहिलं. भिमाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मावशी, मला पटतंय," महिपती हळू म्हणाला. "पन कागदावर मीठ लिवता येत न्हाई. पुतन्यानं फिर्याद दिलीय. उद्या चारच्या आत मला मानूस दाखव. मी दोरी सोडतो."

५

मी जेवले नाही. कमरेला पदर खोचला आणि निघाले. बरोबर यायला कोणी नव्हतं. चिंतामणराव ठाकरांना घेऊन दुसऱ्या बाजूनं दरीत उतरले होते, प्रेत शोधायला.

मिठाबाईच्या डाव्या बगलेत करवंदीची जाळी आहे. ती बाजूला सारली की वाट. एवढ्या वर्षांत तिच्यावर गवत माजलेलं, पण ते ताजं दबलेलं होतं. थोडं खाली उतरल्यावर ओल्या मातीत नालाची खूण दिसली. भिमाजी उजव्या पायावर जोर देऊन चालतो. ही खूण दोन्ही पायांची सारखीच खोल होती आणि पावलं जवळजवळ पडलेली. म्हाताऱ्या माणसाची.

तीन तास मी उतरत होते. वाटेत एक भेकर दिसलं, दुसरं कोणी नाही. दिवस मावळायला आला तेव्हा पायथ्याची ठाकरवाडी लागली. पहिल्याच अंगणात दिगंबरकाका बसले होते. अंगावर आमचं कांबळं. बयाबाई नावाची ठाकरीण त्यांच्या पायांना हळद आणि तेल लावत होती. टाचा पार सोलवटल्या होत्या. भिमाजीच्या वहाणा दोन बोटं मोठ्या.

"या, झुंबरबाई," ते म्हणाले. मी चहा घेऊन आले असावे तसे. "एकट्याच आलात?"

"एकलीच."

"मग बरं झालं. मला वाटलं, चिंतामणी आला."

मी पाणी मागून घेतलं, प्यायले आणि मग सांगितलं. "भिमाजीला धरलंय. उद्या वडगावला न्हेत्यात."

"का?"

"तुमाला ढकलून मारलं म्हनून."

आधी ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. "घड्याळ मी दिलं त्याला. तो घेतच नव्हता. मीच त्याच्या मुठीत कोंबलं."

"त्ये त्यो सांगंना. तुमी मीठ घातलंय त्याला."

"आठच दिवसांचं. तेवढ्यात मी पोचलो असतो. मग शोधूनही उपयोग नव्हता." त्यांनी कांबळं गळ्याशी ओढून घेतलं. "मला हे सुचलंच नाही हो. चिंतामणी रडेल, चिडेल, शोधेल, इतका विचार केला होता. भिमाजीचा केला नाही."

बयाबाईनं भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. कोणी हात लावला नाही.

"मी चिठ्ठी देतो. माझी सही आहे, चिंतामणी ओळखेल."

"हवालदार म्हनतो, मानूस दाखव. चिठ्ठी काय, धाकानंबी लिवून घेत्यात."

"आणि मी नाही आलो तर?"

विठाबाईचे दिवस भरलेत, एवढंच मी सांगितलं.

काकांनी हळदीनं पिवळे झालेले पाय जवळ ओढून घेतले. "सहा वर्षांचा होतो. आईबरोबर ह्याच वाटेनं वर आलो, मिठाच्या बैलांमागून. वडील गेले होते, मामाकडे राहायला निघालो होतो. आईनं खालूनच मीठ आणलं होतं. पायाशी ठेवलं आणि म्हणाली, दिगू, आपण ह्याच वाटेनं परत यायचं. आलोच नाही. ती मामाच्या घरी वारली."

"गावात कोन हाय आता?"

"कोणी नसेल. घरसुद्धा पडलं असेल. खाडीकाठी बसायला जागा असेल, तेवढी पुरे." त्यांनी वर कड्याकडे पाहिलं. "आता वर आलो, तर चिंतामणी मला पुन्हा सुटू देणार नाही. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हणाले.

"आणि तरी आलात."

"तरी आले."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्यापुढे ठेवला आणि बयाबाईला विचारलं, "सकाळी मला वर न्यायला दोन माणसं मिळतील का?"

६

कांबळ्याची झोळी करून, बांबूला बांधून, दोघा ठाकरांनी त्यांना वर आणलं. जुन्या वाटेवर झोळी सारखी अडकत होती. स्टेशनात शिरलो तेव्हा पावणेचार झाले होते. फलाटावर महिपती दोरीचं टोक धरून उभा, भिमाजी उकिडवा बसलेला, पलीकडे चिंतामणराव आणि प्रमोदिनीबाई.

काका झोळीतून उतरले आणि लंगडत थेट भिमाजीपुढे गेले.

महिपतीनं दोरी सैल केली. "बोल आता, भिमा. म्हातारा समूर हुबा हाय."

भिमाजी बोलला नाही. आठ दिवस झाले नव्हते. त्यानं नुसतं वर पाहिलं.

"माझा शब्द मी मागे घेतला," काका म्हणाले. "तू मोकळा आहेस. बोल."

भिमाजीनं घसा खाकरला. एक दिवस आणि एक रात्र तो मुका होता. "वहाना लागल्या का?"

"लागल्या."

"म्या म्हनलं व्हतं, टाचंला फडकं बांदा."

महिपती तोंड फिरवून हसला आणि दोरी सोडायला वाकला. विठाबाई घरी होती. भिमाजी कुणाला काही न सांगता तिकडे पळत सुटला. वडगावची गाडी आली आणि त्याच्याशिवाय गेली.

चिंतामणरावांनी काकांना मिठी मारली होती. ते खरोखर रडत होते. "काका, सांगायचं तरी होतं."

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "गणपतीत शोधून आणलंस तेव्हा सांगितलं. दिवाळीत सांगितलं. तुला वाटलं, मला भ्रम झालाय."

"तुमची तब्येत, काका..."

"हो. माझी तब्येत."

प्रमोदिनीबाई पुढे झाल्या. "एकदा आपण त्यांना हवं तिथे घेऊन जाऊ या का?"

"जाऊ की," चिंतामणराव म्हणाले. "बरे झाले की जाऊ. आधी डॉक्टरांना पाय दाखवू." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच मला ते ऐकवलं नाही.

घड्याळ मागे घ्यायला काका तयार झाले नाहीत. महिपतीनं जबानी लिहून घेतली आणि घड्याळ भिमाजीच्या घरी पोचवायचं कबूल केलं. आठवडा संपायला दोन दिवस बाकी होते, पण चिंतामणराव थांबायला तयार नव्हते. मी बंगल्यावर जाऊन सामान बांधलं. कपाटाचं कुलूप काढलेलं होतं. काकांच्या वहाणा आता पेटीत, कपड्यांच्या खाली होत्या.

संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी भाकरीची पुरचुंडी वर दिली. काकांनी ती मांडीवर ठेवली. माझ्यावर राग दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं.

"काकासाहेब," मी म्हणाले, "किती ऱ्हायलं व्हतं?"

"खाडी दोन दिवसांवर. पण बयाबाई म्हणत होती, एक दिवस चाललं की वाऱ्याला खारट वास यायला लागतो."

शिट्टी झाली. काका आणखी काही सांगायला पुढे वाकले. तेवढ्यात त्यांना वारा लागू नये म्हणून चिंतामणरावांनी शेजारून हात घालून खिडकीची काच वर ओढली. काका बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला काही ऐकू आलं नाही.